यल्लाप्पाचा अंगठा

“हा अंगठा तुझ्या नवऱ्याचा नाही? मग सिद्ध कर! आत्ता, इथे, दुपारच्या सुट्टीच्या आत!” न्यायाधीश रायरीकर गरजले.

समोर हणमी उभी होती, यल्लाप्पा पाथरवटाची बायको. ना वकील, ना साक्षीदार! इनामदारांची चांदीची समई चोरल्याच्या आरोपावरून यल्लाप्पा पिंजऱ्यात होता. तीन दिवस कोठडीत बिचाऱ्याने मार खाल्ला, पण कागदावर अंगठा काही दिला नव्हता.

“पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे!” फौजदार मिशीला पीळ देत म्हणाले. “पण आरोपीने जागा सांगितली आणि तिथे माल सापडला, तर तेवढं सांगणं चालतं. इंग्रज गेला तरी त्याचा कायदा आहे ना! ही समई, हे कागदावर लिहून घेतलेलं त्याचं सांगणं आणि हा खाली अंगठा!”

पळवाट तोंडपाठ होती. मेल्याने एवढा अभ्यास चोर पकडायला केला असता तर!

हणमीने पदर खोचला. “सायेब, त्या अंगठ्यात रेघा दिसत्यात का?”

न्यायाधीशांनी भिंग लावलं. “अगदी मोजून घ्याव्यात इतक्या!”

“फौजदारसायेब, अंगठा उठवला तवा तुमी हुता न्हवं?”

“माझ्या डोळ्यांदेखत!”

“दुसऱ्या कुनाचा आसंल...”

“शक्यच नाही! लिहून देतो!”

“मग शाई आना, आन् एक कोरा कागद.”

यल्लाप्पाने अंगठा दाबला. उठला नुसता काळा डाग, रेघ म्हणून नाही! दुसरा दाबला, तोही तसाच.

“ईस वरसं दगुड घासतोय माझा धनी. रेघा दगडानं कवाच खाल्ल्या!”

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. “मग हा अंगठा कुणाचा?”

“ज्याच्या हातानं आजवर काय बी काम केलं न्हाई, त्याचा! शाई तिकडं सरकवू का, फौजदारसायेब?”

फौजदारांनी दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले!

न्यायाधीश हसले, चष्मा नाकावरून घसरेपर्यंत हसले. “सोडा त्याला! फौजदार, तुम्ही मात्र थांबा. बाई, तुला काय हवं?”

“धन्याची छिन्नी आन् हातोडा चोरीची हत्यारं म्हनून ठिवल्यात. ती द्या, उद्या काम हाय.”

“दिली! आणि कोर्टाच्या झिजलेल्या पायऱ्या घडवायचं कामही तुमचंच!”

कारकुनाने हत्यारं मिळाल्याची पोच पुढे केली. यल्लाप्पाने अंगठा उठवला. कारकून कुरकुरला, “साहेब, यात रेघाच नाहीत! हा कसा चालेल?”

“हाच चालेल!” न्यायाधीश पुन्हा खदखदून हसले. “रेघा दिसल्या, तर फौजदारांना धरा!”