नुसत्या मायन्याचे पत्र

जुन्या पत्रांत मजकुराच्या आधी जो आदराचा भाग असे, त्याला ‘मायना’ म्हणतात. ज्याला लिहायचे त्याची पदवी, नमस्कार आणि ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ हे वाक्य त्यात येई. मग ‘विशेष’ असे लिहून खरा मजकूर सुरू होई. शब्द परभाषेतून आला आहे. परंतु ‘पत्रारंभ’ या शब्दात त्यातली अदब येत नाही, म्हणून तोच ठेवतो.

एकदा एका पूर्वेकडील बलाढ्य राजाने सीमेवरची खिंड बळकावली आणि तिच्यामागे छावणी ठोकली. पश्चिमेच्या चार राज्यांनी एकत्र येऊन त्याच्या दरबारातले आपले वकील परत बोलावले, त्याचे वकील घालवून दिले. बोलणे खुंटले. चारांपैकी एका राज्याचे वृद्ध अमात्य मात्र दर महिन्याच्या शुद्ध प्रतिपदेला आपल्या शिष्याकडून त्या राजाला पत्र लिहवून घेत. पत्रात केवळ मायना, ‘विशेष’ नाहीच. जासूद खलिता घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी, मोहोर न फोडलेला तोच खलिता परत आणी.

सात महिने असे चालले. शत्रूला पडसे झाले तर आमच्या अमात्यांना घास गोड लागणार नाही, असे सेनापती भर दरबारात म्हणत. शिष्याला ते झोंबे, कारण त्याचा वडीलबंधू खिंडीसमोरच्या गढीत तीनशे शिपायांनिशी होता.

सातव्या पत्राच्या वेळी त्याने लेखणी खाली ठेवली. “आचार्य, त्यांच्या तोफा माझ्या दादावर रोखलेल्या आहेत. आणि मी त्यांचे कुशल विचारू?”

“विचार,” अमात्य म्हणाले. “आणि अक्षर नीट काढ. मागच्या वेळी घाईत होतास.”

तेही पत्र परत आले. त्याच पंधरवड्यात, पंचमीच्या सकाळी, वणव्याने गढीचे दारूकोठार उडाले. तो स्फोट पलीकडच्यांना चढाईची इशारत वाटली. त्यांनी तोफा भरल्या. उजाडताच मारा होणार, असा बंधूचा निरोप दुपारी आला. अमात्यांनी नेहमीचा कागद पुढे सरकवला. “मायना पूर्ण लिही. आज त्याखाली ‘विशेष’ लिही: कोठार वणव्याने उडाले, चढाई नाही.”

नेहमीच्या जासुदाला चौकीवर कोणी अडवले नाही. सकाळी उत्तर आले, तेही पूर्ण मायन्यासह: ‘विशेष. वणवा आमच्याही कुरणात शिरला आहे. तोफा उतरवल्या.’

शिष्याने ते दोनदा वाचले. मग विचारले, “सात खलिते त्यांनी फोडले नाहीत. आठवाच का फोडला?”

“कारण तो पंचमीला गेला,” अमात्य म्हणाले. “सात महिने आपण त्यांना प्रतिपदा शिकवत होतो. ज्याचा नेम ठाऊक असतो, त्याचाच नेम मोडलेला कळतो. नाहीतर काल आपला जासूदही त्यांना हल्ल्याची आघाडीच वाटला असता.”

पुढल्या प्रतिपदेला शिष्य न सांगता लिहायला बसला. अक्षर सुरेख होते.

ही कथा सांगताना अनेक जण शेवटी म्हणतात की, त्या सौजन्याने राजाचे मन द्रवले आणि वैर संपले. तसे झाले नाही. खिंड त्याने सोडली नाही, वकील परतले नाहीत, आणि नववा खलिताही न फोडताच परत आला.