माया न सोडलेला सदरा

एकदा एका वृद्ध शिंप्याच्या मानेत नि काखेत गाठी उठल्या. लिंफोमा म्हणतात तो, गाठींचा कॅन्सर. वय अठ्ठ्याहत्तर. चार वेळा केमोच्या सलाइनी सोसून तो म्हणाला, “आता पुरे,” आणि घरी आला.

त्याचा शिष्य पन्नाशीचा, स्वतःचं दुकान थाटलेला. तो गुपचूप डॉक्टरांना भेटला. “किती दिवस?”

“नेमकं कुणालाच सांगता येत नाही. कुणाला काही महिने, कुणाला वर्ष-दोन वर्षंही मिळतात. गाठीच्या जातीवर आहे.”

शिष्याने ‘काही महिने’ एवढंच पदरात बांधलं. अर्धं ऐकून शहाणं व्हायची माणसाला खोडच असते. मग त्याने भक्तिभावाने गुरूचं माप घेऊन नवा सदरा शिवला.

दोन महिन्यांनी गुरू शिष्याच्या दुकानात आला, तोच सदरा उलटा घालून. शिवणी बाहेर, गुंड्या लागत नाहीत. गिऱ्हाइकं हसली.

“आबा, सदरा उलटा घातलाय,” शिष्य म्हणाला.

“घालणाऱ्याचं सोड. शिवणीला माया किती सोडलीस, ते दाखव या मंडळींना.”

पुढे सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. शिष्याला पहिला धडा हाच मिळाला होता. इथे मात्र बोटभरही नव्हती. सदरा सैल करायला आबा असणार कुठे, असं त्याने कापतानाच गृहीत धरलं होतं.

“कापून काढलीस तिचं काय केलंस?”

“मशीन पुसायला घेतली.”

“मरणार ते मलाही ठाऊक आहे, लेका. सुया टोचून घेणं मी सोडलं, सदरा घालणं कधी सोडलं? औषधं थांबली तशी भूक आली, दीड भाकरी खातो. उद्या गाठ वाढली तर काखेत सैल लागेल, भाकरी अंगी लागली तर पोटावर. दोन्हीला मायाच लागते. डॉक्टरानं तारीख दिली नाही, ती तू कात्रीनं दिलीस.”

गिऱ्हाइकांकडे न बघता शिष्याने मशीनखालच्या चिंध्या काढल्या. तेलाने काळ्या झालेल्या. दोनदा साबण लावला, डाग हटेना. वाळल्यावर त्याच काखेत नि कुशीला जोडल्या.

“डाग दिसतोय, आबा.”

“दिसू दे. काख माझी, डाग तुझा.”

‘किती दिवस’ विचारायला आपण डॉक्टरांकडे धावतो. आज भूक आहे का, हे खाटेवरच्या माणसाला कुणी विचारलं?