शनिवारची माती

सरदार धारराव यांना आपल्या तालमीतली शनिवारची सुट्टी खुपत असे. त्यांनी वस्ताद खंडोजींना बजावलं, "पहिलवान लोळायला पोसलेत का? यापुढे रोज मेहनत. सुट्टी दिलीत, तर तालीम सोडायची."

महिन्याभरात पोरांचे खांदे धरले, गुडघे सुजले. वस्तादांनी दोनदा विनवलं, पण सरदार ऐकेनात.

नागपंचमीची पहिली कुस्ती मानाने सरदारांची. समोरच्या पहिलवानाने हरायचं, हे ठरलेलं. सरदार लंगोट कसून हौद्यात उतरले आणि थबकले. माती दगडासारखी टणक झाली होती.

"वस्ताद, यावर गुडघा टेकला तर फुटेल. माती खणली का नाही?"

"सरकार, ती शनिवारी खणायचो. ताक-तेल घालून दिवसभर तशीच ठेवायचो. तुमच्या हुकमापासून तिलाही सुट्टी नाही."

सरदारांनी टाचेने माती उकरून पाहिली.

"ही माती उद्या कुदळीने मऊ होईल, सरकार," वस्ताद म्हणाले. "पोरांच्या अंगाला कुदळ लावता येत नाही."

जमलेले लोक खाली बघून हसले. सरदार हौद्याबाहेर आले.

"आज वार कोणता?"

"मंगळवार, सरकार."

"असू दे. आज शनिवार समजा."