बिनचाकाचं वाहन

कुंभार चौकातल्या सिग्नलची वेळ नव्याने ठरवायची होती, म्हणून मंदाकिनी खोपडे चार दिवस फुटपाथवर बसून वाहनं मोजत होती. दुचाकी, रिक्षा, ट्रक, हळू वाहनं असे रकाने, शिवाय प्रत्येक रांगेची लांबी. रोज सकाळी हलिमाबी पायांनी अधू असलेल्या आठ वर्षांच्या लेकीला पाठुंगळी घेऊन शाळेकडे निघायची. निम्मा रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलायचा आणि हॉर्नच्या गदारोळात मायलेकी मधेच अडकायच्या. मंदाकिनी घड्याळ लावून त्यांचे सेकंद मोजायची.

पाचव्या दिवशी बैठकीत अभियंता दाणीसाहेबांनी तिचा तक्ता उचलला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“‘हळू वाहनं’च्या रकान्यात हलिमाबी? अहो बाई, माणूस आणि वाहन यांतला फरक तरी कळतो का तुम्हाला?”

सगळे हसले. मंदाकिनी शांतपणे उभी राहिली.

“साहेब, जे वाहून नेतं ते वाहन. ही आई रोज लेकीला वाहून नेते.”

“असं? मग चाकं किती?”

“एकही नाही. म्हणून तर तिला रस्ता ओलांडायला छत्तीस सेकंद लागतात, आणि आपण देतो अठरा.”

हसू विरलं.  दाणीसाहेबांनी पेन काढून अठरा खोडले आणि चाळीस लिहिले.

“चार जास्तीचे कशाला, साहेब?” मंदाकिनीने विचारलं.

“लेक काय एवढीच राहणार आहे?” साहेब हळूच म्हणाले.