एकशेवीस गाडे

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला नावाजलेला पैलवान, पण आजाराने त्याचे पाय गेले होते. वैद्याने धाकट्याला बाजूला घेऊन सांगितले होते, "पुढच्या वर्षीची जत्रा काही त्याला दिसायची नाही."

"दादा, यंदाच्या जत्रेतली शेवटची कुस्ती तुला दाखवणारच," असे म्हणून धाकटा धावत सुतारांकडे गेला. "मिस्त्री, दादाला बसवून न्यायला गाडा हवाय. जत्रा पंधरा दिवसांवर आलीय."

गावात सुतार दोन. दोघे वेगवेगळ्या गुरूंकडे शिकलेले.

पहिला म्हणाला, "एका भागाने एकच काम करावं. दोन कामं दिली की एक सुधारताना दुसरं बिघडतं."

दुसरा म्हणाला, "छे! आधी कामांची यादी. मग प्रत्येक कामाचे सगळे उपाय. मग जोड्या लावायच्या आणि निवडायचं."

"कुणाचंही चालेल," धाकटा म्हणाला.

"कुणाचंही कसं चालेल?" दोघे एकदम ओरडले. "आधी कुठली पद्धत श्रेष्ठ ते ठरू दे!"

आठवड्याने धाकटा बघायला गेला. पहिल्याने बैठक अंगणाच्या एका कोपऱ्यात आणि टेकायची फळी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली होती. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "जोडली तर बैठकीला फळी धरून ठेवायचं दुसरं काम लागतं ना!"

दुसऱ्याने चार तऱ्हेची चाके, सहा तऱ्हेच्या बैठका आणि ओढायच्या पाच तऱ्हा काढल्या होत्या. "एकशेवीस गाडे होतात. सतरा तपासले."

"त्यातलाच एक द्या की!"

"आणि उरलेल्या एकशेतीनांत याहून चांगला निघाला तर?"

धाकट्यालाही ते पटले. दादासाठी सगळ्यांत चांगलाच गाडा हवा होता. तो थांबला.

जत्रेच्या दिवशी ढोल वाजू लागले. सुतारांचे भांडण आता पुढे गेले होते: दोन पद्धतींची तुलना करायची, ती कुठल्या पद्धतीने? धाकटा तसाच घरी परतला आणि त्याने दादाला पाठुंगळी घेतले.

"अरे, पाडशील मला!"

"पडलो तर मी खाली, तू वर. कुस्ती जिंकलास म्हणायचं!"

वाटेत सुतार आपल्या दारातून ओरडले, "थांब! ही कुणाच्या गुरूची पद्धत?"

शेवटच्या कुस्तीला थोरला इतका ओरडला की दोन दिवस त्याचा आवाज बसला होता. महिन्याभरात तो गेला.

तेराव्याला सुतार गाडा घेऊन आले. गाडा खरेच सुरेख होता, एका बोटाने ढकलला तरी पळायचा. धाकट्याने तो अंगणात एकदा फिरवला, रिकामाच.

"चांगला चालतो," तो म्हणाला.

तात्पर्य: आपल्या माणसाला न्यायचे असेल, तर उत्तम गाड्याची वाट पाहू नये; आपली पाठ धड असेल, तर आजच न्यावे.