शंभर गुणांची पंगत

“...आणि हा चष्मा घातला की विसरलेलं आठवतं म्हणतोस?”

“लगेच आठवतं असं नाही, बाबा. मेंदूला व्यायाम होतो. तीस आजीआजोबांवर चाचणी घेतली. सव्वीस जणांत फरक पडला. तीसपैकी सव्वीस!”

वल्लभचा आवाज चढला होता. चढणारच की! याच मठाच्या पाठशाळेत शिकून पुण्याला गेलेला, तिथे म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीसाठी व्हीआरचे, म्हणजे चष्म्यातून दिसणाऱ्या आभासी जगातले खेळ बनवणारा हा पठ्ठ्या आज आपली करामत घेऊन थेट गुरूंपुढे बसला होता.

नागेशबाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. मठातल्या दुपारच्या पंगतीत साठ वर्षं त्यांनी स्वतः वाढलं. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी एकाच्या खिरीत आमटी ओतली, आणि विश्वस्त दामूअण्णांनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. तेव्हापासून पंगत बसली की बाबा ओसरीवर तोंड फिरवून बसत. वल्लभला ते बघवेना.

त्याने अण्णांशी पैजच लावली.

“चाचणीत साठ गुण पडले तर पळी बाबांना परत!”

“आणि नाही पडले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही,” अण्णा म्हणाले.

वल्लभने खास बाबांसाठी चष्म्यात पंगतच मांडली होती. आठ जण पानावर बसलेले. प्रत्येक जण आपल्याला काय हवं ते एकदाच सांगणार. ते लक्षात ठेवून सहा मिनिटांत सगळ्यांना वाढायचं. बाबांना जे दिसेल ते वल्लभला आणि अण्णांना लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणार होतं.

“दिसतात का, बाबा?”

“दिसतात की! वा, काय झकास बसलेत!” बाबा लहान मुलासारखे हरखले.

पहिल्याने लाडू मागितला होता. बाबांनी अचूक लाडूच वाढला. वल्लभने टाळी वाजवली.

मग बाबांनी त्यालाच दुसरा लाडू वाढला. मग तिसरा.

“घ्या हो, संकोच करू नका...”

“बाबा, पुढे सरका!”

“थांब रे.”

“वेळ संपत आलाय!”

बाबा जागचे हलले नाहीत. सहा मिनिटं संपली. पहिल्या पानावर अकरा लाडू, बाकीची सात पानं कोरडी. मागितलं त्याहून जास्त वाढल्याने पहिलं पानही बाद. गुण शून्य.

अण्णांनी उसासा टाकला. “बघितलंस?”

वल्लभचा चेहरा उतरला. “बाबा, असं का केलंत? पुढे का नाही गेलात?”

“कसा जाऊ? त्याने हात कुठे आडवा केला?” बाबा हसत म्हणाले.

वल्लभ एकदम ओरडला, “अरे देवा! हे माझ्या डोक्यातच आलं नाही!”

जेवणारा ‘पुरे’ म्हणून पानावर हात आडवा धरत नाही, तोवर या मठात वाढपी पुढे जात नाही. बारा वर्षं इथे जेवलेला हा शहाणा नेमकं तेच विसरला होता. आणि म्हणे दुसऱ्यांची स्मरणशक्ती सुधारणार!

“अण्णा, अर्धा तास! फक्त अर्धा तास द्या मला!”

लॅपटॉपवर त्याची बोटं नुसती धावत सुटली. चहा समोर निवून गेला, त्याचं लक्ष नाही. शेवटी चष्म्यातल्या आठही जणांना त्याने हात आडवा करायला शिकवलं.

पुन्हा चष्मा चढला. पुन्हा आठ जणांनी आठ गोष्टी मागितल्या.

आता बाबा काय सुटले! पहिल्याला जिलबी, हात आडवा, पुढे. दुसऱ्याला मठ्ठा, पुढे. तिसऱ्याला मसालेभात. अण्णासुद्धा नकळत उठून उभे राहिले.

चौथ्याने पुरणपोळी मागितली होती. बाबांनी वाढली. त्यानेही हात आडवा केला. पण बाबा तिथेच वाकून उभे राहिले...

वल्लभने घाई केली. “बाबा, झालं त्याचं! चला, चला पुढे!”

बाबा सरकले. पाचवा, सहावा, सातवा, आठवा. एक मिनिट राखून पंगत पूर्ण. एकही चूक नाही.

“शंभर!” वल्लभने उडीच मारली. “अण्णा, शंभर! शंभरपैकी शंभर!”

अण्णांचेही डोळे भरून आले. ते तडक स्वयंपाकघरात गेले, पळी घेऊन आले आणि बाबांपुढे ठेवून हात जोडून म्हणाले, “चुकलो मी. उद्यापासून तुम्हीच वाढा.”

बाबांनी चष्मा काढला. पळीकडे त्यांनी पाहिलंही नाही. चेहरा पार पडलेला.

“काय झालं, बाबा? शून्य पडले तेव्हा हसत होतात, आणि आता शंभर पडले तर...”

बाबांनी चष्मा वल्लभच्या हातात ठेवला.

“चौथ्याने नुसता लाजून हात आडवा केला होता रे... तुझ्या घाईपायी उपाशी उठला बिचारा.”