ठकाईचे कोरडे गुडघे

नदीवर पूल नव्हता आणि गावात घड्याळ नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी सावळेघाट गावात ठकाई नावाची भोयाची म्हातारी राहायची. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे भोई पात्रातल्या वाळूत उतरायचे, चर खणून टरबुजं-काकड्या लावायचे आणि दिवसभर तिथेच खोपटं बांधून राबायचे. टरबूज गोड, पण जागा नदीची. वर डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला की इथे लख्ख उन्हात लोंढा यायचा.

तो येणार हे ठकाईच्या गुडघ्यांना आधी कळायचं, असं म्हणतात.

कधीतरी तिचे गुडघे ठणकले आणि त्याच दिवशी पाणी आलं. झालं, गावाला तेवढं पुरलं. तेव्हापासून रोज सकाळी लोक तिच्या ओट्यापाशी थांबायचे आणि विचारायचे, "ठकाई, गुडघे काय म्हणतेत?" ती "ठणकतेत" म्हणाली की गाव काठावर. "गप हायेत" म्हणाली की गाव वाळूत. आणि टरबुजाच्या दिवसांत तिने गुडघ्यांना तेल लावायचं नाही, शेक घ्यायचा नाही, असंही गावाने ठरवून टाकलं. दुखणंच बोथट झालं तर पाणी कसं कळायचं?

खरं सांगायचं तर ठकाईलाच आपल्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता. कोरड्या ठाक दिवसांतही ते ठणकायचे, आणि आभाळ फाटलं तरी कधी मुकाट बसायचे. तिने तसं सांगूनही पाहिलं. पण चुकलेले दिवस कोण लक्षात ठेवतो? लोकांनी बरोबर आलेले तेवढे धरून ठेवले. मग म्हातारीही गप्प बसली. म्हातारपणी इतका मान कुणाच्या वाट्याला येतो!

तिच्या गुडघ्यांची चौकशी सारं गाव करायचं. तिची चौकशी एकटी सून करायची. गिरजा तिचं नाव. लांबच्या कोरडवाहू गावची पोर, तिला पोहता येत नव्हतं. रोज दिवेलागणीला ती सासूचे पाय मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "आत्याबाई, लई दुखतंय का?" बाकी काही नाही, एवढंच. पण ते ऐकून ठकाईचे डोळे भरून यायचे.

एका संध्याकाळी कळ अशी उठली की म्हातारी भिंतीला डोकं टेकून कण्हू लागली. गिरजाला बघवेना. तिने निरगुडीचा पाला आणला, तेलात कढवला आणि कोमट तेल दोन्ही गुडघ्यांत जिरवलं.

"नको गं बाई, लोक काय म्हणतील," ठकाई म्हणाली. पण पाय मागे घेतले नाहीत.

कितीतरी वर्षांनी तिला गाढ झोप लागली. सकाळी लोकांनी विचारलं, तेव्हा ती "गप हायेत" म्हणाली. खोटं नव्हतंच ते. ऐन तोडणीचे दिवस होते. गाव हसतखेळत वाळूत उतरलं आणि पाटी घेऊन गिरजाही उतरली.

भर दुपारी नदी आली. भोयाची पोरं पाण्यातच वाढलेली, सगळी काठाला लागली. ठकाईचा लेक लिंबाजी बायकोसाठी पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला. संध्याकाळी त्याने तिला वर आणलं, ती थंडगार झालेली.

ठकाई काठी न घेता घाट उतरली. सगळ्या पायऱ्या उतरली आणि गुडघे दुखले नाहीत. असं सुख तिला वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं, आणि आता ते तिला सोसवेना.

लोक म्हणाले, तेलाने घात केला. तेल नसतं तर गुडघे बोलले असते का, की तसेही मुकेच राहिले असते, हे ठकाईला कधीच कळलं नाही. ती नदीच्या गार पाण्यात गुडघे बुडवून बसली ती उठलीच नाही. लिंबाजीने हात जोडले, लोकांनी ओढून पाहिलं. ती एकच म्हणत राहिली, "ठणका रे बाबांनो, आता तरी ठणका." मग पावसाळा आला, घाट बुडाला. पाणी ओसरलं तेव्हा म्हातारी नव्हती, तिच्या जागी दोन वाटोळे काळे धोंडे होते, असं म्हणतात.

आपल्याकडे वाटोळा धोंडा दिसला की कुणीतरी तेल-शेंदूर लावतंच. या दोघांना टरबुजाच्या दिवसांत तेलाचा थेंब लागत नाही. गावातल्या म्हाताऱ्याही त्या दिवसांत कोरडेच गुडघे घेऊन बसतात आणि सकाळी लोक त्यांना विचारूनच वाळूत उतरतात. हंगाम संपून टरबुजांच्या वाड्या मोडल्या की गावातली सगळ्यांत नवी सून निरगुडीचं तेल घेऊन घाटावर जाते, धोंड्यांना चोळते आणि विचारते, "आत्याबाई, लई दुखतंय का?"

सोबत आलेले लोक थोडा वेळ थांबतात आणि घरी जातात. हे विचारायला त्या गावाला वर्षात तेवढा एकच दिवस सापडतो.